विश्लेषण : दुबईहून येणाऱ्या सोन्याचा विट्याच्या गलाईशी संबंध काय?

भारत-संयुक्त अरब अमिराती व्यापार करारात सोन्याला मिळालेली शुल्क सवलत अवघी एक टक्का आहे. तरीही विट्यातील गलाई व्यावसायिकांनी तिच्याकडे लक्ष ठेवावे, अशी कारणे आहेत.

गलाई व्यवसाय कसा चालतो?

विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातील अनेक कुटुंबे पिढ्यानपिढ्या सोने-चांदी गलाईत आहेत. हे गलाई बांधव तमिळनाडू, केरळपासून कोलकाता, दिल्लीपर्यंत पसरले आहेत. जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबाने शुद्ध करायचे आणि चोख सोने सराफाला द्यायचे, हे त्यांचे काम. कच्चा माल देशातला, स्पर्धा मात्र आयात सोन्याशी.

करारात काय ठरले?

18 फेब्रुवारी 2022 रोजी झालेला हा करार 1 मे 2022 पासून लागू झाला. पहिल्या वर्षी 120 टन आणि पाचव्या वर्षापर्यंत 200 टन सोने सामान्य दरापेक्षा एक टक्का कमी शुल्कात आणता येते. त्यासाठी परकीय व्यापार महासंचालनालयाकडून कोटा मिळवावा लागतो.

जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात सोन्यावरील शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आले. या दराने कोट्यातील सोन्यावर 5 टक्के शुल्क पडते. म्हणजे एक कोटी रुपयांच्या सोन्यामागे एक लाखाची बचत. गलाईतील नफा मुळातच थोडा असल्याने हा फरक लहान नाही.

पळवाट कोणती निघाली?

सीमाशुल्काच्या वर्गीकरणात 2 टक्के वा अधिक प्लॅटिनम असलेला मिश्रधातू ‘प्लॅटिनम’ ठरतो. उरलेले बहुतांश सोने असले तरी. प्लॅटिनमवरील शुल्क करारानुसार टप्प्याटप्प्याने घटणार होते आणि त्याला कोट्याची मर्यादा नव्हती. सोन्यावर 15 टक्के शुल्क असताना हा मार्ग फायद्याचा ठरला. अखेर 2025 मध्ये 99 टक्क्यांपेक्षा कमी शुद्धतेच्या प्लॅटिनमच्या आयातीवर निर्बंध आले.

सर्वच करारांत असे होते का?

नाही. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिकटेनस्टाइन यांच्या ‘एफ्टा’ गटाशी 10 मार्च 2024 रोजी झालेला करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू आहे. या गटातून होणाऱ्या आयातीत 80 टक्क्यांहून अधिक वाटा सोन्याचा. पण तेथे सोन्यावरील प्रत्यक्ष शुल्काला हात लावलेला नाही. म्हणजे सोन्याला किती वाट द्यायची, हे वाटाघाटीत ठरवता येते.

विट्यासाठी अर्थ काय?

गलाई व्यावसायिक आयातदार नसतो. त्यामुळे सवलत त्याच्या हाती येत नाही, तिच्यामुळे बदललेला दर मात्र येतो. शुल्क घटले की देशातील भाव उतरतो आणि आदल्या दिवशी चढ्या भावाने जुने सोने घेतलेल्याला तोटा होतो. आयातदाराने स्वस्त मिळालेले सोने कमी दराने विकले, तर गलाईवाल्यालाही दर उतरवावा लागतो.

व्यापार करार बाजारपेठा जोडतात, हे खरे. त्याचा लाभ कोणाला, हे कोटा कोणाला मिळतो आणि माल कोणत्या नावाने नोंदला जातो यावर ठरते. पुढच्या करारांत गलाईवाल्यांनी पाहावे ते हेच.