खोटी पोती, खरी भूक

मुलांनो, आधी एक सोपं गणित सोडवा. समजा, एका गावच्या खळ्यावर धान्याची १०० पोती झाली. सरकारचा वाटा तिसरा हिस्सा. म्हणजे ३३ पोती गेली, गावाला ६७ उरली. पण गावच्या पुढाऱ्याने वरच्या साहेबाला खूश करायला '३०० पोती झाली' असं कळवलं! आता सरकारचा वाटा किती? १००. मग गावाला काय उरलं?

उत्तर आलं ना? शून्य! १९५८ ते १९६१ या काळात चीनमधल्या कितीतरी गावांची गत अशीच झाली. ती कशी, हे समजून घ्यायला आपण सुरुवात मात्र खानदेशातून करू.

डिसेंबर १९३६. पूर्व खानदेशातलं, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातलं फैजपूर. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन ते हेच. अध्यक्ष होते पंडित नेहरू. शेतकऱ्यांसाठी तिथे जो कार्यक्रम ठरला, त्यात शेतसारा कमी करा, कर्जाचा बोजा हलका करा, अशा मागण्या होत्या. सहकारी शेतीचा प्रयत्न करावा, असंही एक कलम होतं. जमिनीचे लहान लहान तुकडे एकत्र कसले, तर विहीर, औत, बी-बियाणं सगळ्यांनाच परवडेल, अशी त्यामागची कल्पना.

चीनमध्ये १९४९ साली साम्यवादी पक्ष सत्तेवर आला. त्याने जमीनदारांच्या जमिनी गरिबांना वाटल्या आणि काही वर्षांतच त्या एकत्र करून सामूहिक शेती सुरू केली. ती पाहायला १९५६ मध्ये आपल्या सरकारने एक पथक पाठवलं. प्रमुख होते आर. के. पाटील. पथकाला ती शेती आवडली. भारतातही सहकारी शेती वाढवावी, असं त्याने सुचवलं. दोन सदस्यांना मात्र ते पटलं नाही, आणि त्यांचं वेगळं मतही अहवालात छापलं गेलं. पुढे जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला. त्यावर देशभर कडाक्याचा वाद पेटला. अखेर शेतकऱ्यांवर तशी सक्ती काही झाली नाही.

चीनमध्ये वाद घालायची सोयच नव्हती. १९५८ साली माओ त्से तुंग यांनी 'मोठी झेप' जाहीर केली. गावंच्या गावं जोडून 'कम्यून' बनवले. घरच्या चुली बंद, जेवण सार्वजनिक भोजनालयात! पोलाद वाढवायचं म्हणून गावोगावी भट्ट्या पेटल्या. पीक कापणीला आलं आणि माणसं भट्टीवर! दाणे खातात म्हणून चिमण्या मारल्या, तर पिकांवर किडींचं फावलं. आणि ज्या कम्यूनचा आकडा मोठा, त्याची वाहवा मोठी. मग खरा आकडा सांगणार कोण?

एकाने धाडस केलं. संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी जुलै १९५९ मध्ये माओंना पत्र लिहून चुका दाखवल्या. काय झालं? त्यांचं मंत्रिपद गेलं! ते पाहून बाकीचे गप्प बसले. त्या दुष्काळात किती माणसं दगावली? अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत.

आता आपल्याकडे या. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गुरं मेली. पण वर्तमानपत्रांनी बातम्या छापल्या, विधानसभेत आमदार सरकारवर तुटून पडले, मोर्चे निघाले. सरकारला हलावंच लागलं. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग अशी कामं निघाली. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती. हाल खूप झाले, पण चीनसारखा अनर्थ टळला.

म्हणून लगेच कॉलर ताठ करू नका हं! माणसं धडाधड मरू लागली की बातमी होते. रोजची अर्धी भूक मात्र कुणाला दिसत नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवर कुपोषणाने बालकं दगावली आहेत. शाळा आणि दवाखाने गावोगावी पोचवण्यात तर चीन आपल्या पुढे गेला.

आणि चीनमधलं ते गणित सुधारलं कोणी? शेतकऱ्यांनीच! १९७८ च्या अखेरीस आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग गावात १८ शेतकरी गुपचूप जमले. जमीन घरटी वाटून घ्यायची, सरकारचा वाटा चोख द्यायचा, उरलेलं आपलं, असा करार त्यांनी केला. पकडले गेलो तर आपल्या मुलांना बाकीच्यांनी १८ वर्षांची होईपर्यंत सांभाळावं, असंही त्यात लिहिलं. पुढच्याच वर्षी भरघोस पीक आलं. डेंग शियाओपिंग यांच्या काळात हीच पद्धत देशभर पसरली आणि कम्यून मोडीत निघाले. जमिनीची मालकी आजही गावाच्या समूहाकडेच आहे. शेतकरी ती कराराने कसतो.

आता तुमच्यासाठी काम! जळगाव असो की धुळे, घरातल्या किंवा शेजारच्या आजी-आजोबांना बहात्तरच्या दुष्काळाबद्दल विचारा. कोण कुठल्या कामावर होतं? मजुरी किती मिळायची? सुकडी आणि लाल मिलोची भाकरी कशी लागायची? सगळं वहीत उतरवा. आणि एखादा आकडा त्यांना आठवला नाही, तर तिथे 'आठवत नाही' असंच लिहा.