दुखत नाही, म्हणून बरं आहे?

‘दुखत नाही ना? मग कशाला जायचं डॉक्टरकडे?’ हे वाक्य कळंबोलीच्या लोखंड बाजारात ऐकू येतं, तसंच सिडकोच्या इमारतींमधल्या शिकल्यासवरल्या घरांतही ऐकू येतं. ताप, खोकला, पोटदुखी यांच्या बाबतीत हा हिशेब बऱ्याचदा चालून जातो. तोंडाच्या रोगांत मात्र तो साफ उलटा पडतो. रोग आटोक्यात येण्याजोगा असतो तोवर तो बहुधा दुखतच नाही, आणि दुखायला लागतो तेव्हा सोपा उपाय मागे पडलेला असतो.

दातांपासूनच सुरुवात करू. दाताच्या वरच्या कवचात, म्हणजे एनॅमलमध्ये, मज्जातंतू नसतात. साखरेवर जगणारे जंतू तोंडात आम्ल तयार करतात, ते कवचातली खनिजं विरघळवतं, लाळ ती हळूहळू परत भरून काढते. ही झीज-भरपाई दिवसभर चालू असते. साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली, याला इथे जास्त महत्त्व आहे. माल उतरण्याची वाट पाहत दर तासाला एक गोड कटिंग घेणाऱ्या ट्रकचालकाच्या लाळेला भरपाई करायला उसंतच मिळत नाही. आधी खडूसारखा पांढुरका डाग दिसतो. या टप्प्यावर फ्लोराइड असलेली पेस्ट आणि रात्री झोपण्यापूर्वी घासलेले दात एवढ्यावरही कीड थांबू शकते. त्याकडे दुर्लक्ष झालं की खड्डा पडतो, तो खोल जातो, आणि मग थंड पाण्याने सणक येते.

रात्री उशिरा एखाद्या मेडिकलच्या काउंटरपाशी थोडा वेळ उभं राहून पाहा. गालावर हात धरलेला माणूस येतो, ‘दाढेची गोळी द्या’ म्हणतो, आणि दोन वेदनाशामक गोळ्या, सोबत अँटिबायोटिकच्या दोन कॅप्सूल घेऊन जातो. त्याची दाढ कोणी पाहिलेली नसते. थंड लागल्यावर क्षणभर सणक येऊन ती जात असेल, तर आतली नस बहुधा अजून वाचू शकते, कीड काढून सिमेंट भरलं की भागतं. सणक मिनिटभर रेंगाळत असेल, रात्री आपोआप ठणका उठून झोप मोडत असेल, तर नस वाचण्यापलीकडे गेलेली असते. मग रूट कॅनाल तरी करावं लागतं किंवा दाढ काढावी लागते. अँटिबायोटिक या ठणक्याला काहीच करत नाही. चेहऱ्यावर सूज पसरतेय, ताप आहे, अशा वेळी ते लागतं, पण तेव्हाही पू बाहेर काढणं हाच खरा उपचार असतो.

इथेच सगळ्यांत फसवी गोष्ट घडते. चार दिवसांनी ठणका थांबतो आणि ‘गोळीने आराम पडला’ असं ठरतं. प्रत्यक्षात नस मेलेली असते, आणि मेलेली नस दुखत नाही. जंतू मुळाच्या टोकाशी आपलं काम करतच राहतात. पुढे कधीतरी हिरडीवर पुवाची पुटकुळी येते, चावताना दाढ उंच झाल्यासारखी वाटते. जबड्याखाली, जिभेखाली सूज येऊन गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर ते दवाखान्याचं नव्हे, थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाचं काम आहे. तिथे सकाळपर्यंत थांबणं जिवावर बेतू शकतं.

दुसरा आक्षेप हिरड्यांचा, आणि तो अनुभवाच्या आधारावर केला जातो म्हणून जास्त गांभीर्याने घ्यायला हवा. ‘शेजारच्या काकूंनी दात साफ करून घेतले आणि दात हलायला लागले.’ काकू खोटं बोलत नाहीत. दात हलताना त्यांना खरंच जाणवले. पण कारण वेगळं आहे. वर्षानुवर्षं साचलेलं कीटण दातांच्या फटींत दगडासारखं घट्ट बसतं. त्याच्या आड हिरडी सुजते, मुळाभोवतीचं हाड झिजतं, आणि हाडाच्या जागी कीटणच दातांना एकमेकांत अडकवून ठेवतं. ते काढलं की आधीच झालेलं नुकसान उघडं पडतं. काही दिवस दात शिवशिवतात, फटी दिसतात. ते तसंच ठेवलं असतं तर हाड आणखी झिजलं असतं आणि काही वर्षांनी तेच दात हातात आले असते.

‘घासताना रक्त येतं म्हणून ब्रश बंद केला’ हाही असाच उफराटा उपाय. १९६५ साली हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या तरुणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासायला लागल्यावर त्या आठवडाभरात पूर्ववत झाल्या. रक्त येतं ते ब्रशने इजा होते म्हणून नव्हे, तिथे थर साचलेला असतो म्हणून. मऊ ब्रशने नेमकी तीच जागा जास्त काळजीने घासायची असते. दंतवैद्य बारीक खुणांच्या सळईने हिरडी आणि दात यांमधली खोली मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे पोकळी वाढतेय असं समजायचं. ही मोजणी दोन-चार मिनिटांची असते आणि ती न करता हिरड्यांबद्दल काही सांगणं म्हणजे अंदाज. मधुमेह असेल तर ही तपासणी टाळूच नये, कारण वाढलेली साखर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत.

तंबाखूवाल्यांची गोष्ट आणखी अवघड. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे त्या धडधाकट वाटतात आणि आतून हाड जात राहतं. मशेरीने दात घट्ट होतात, असं आपल्याकडच्या कितीतरी बायका मनापासून मानतात. सकाळी तव्यावर भाजलेली ती तंबाखूच असते. तिच्याने हिरडी बधिर होते आणि त्या बधिरपणालाच आराम समजलं जातं. आजीचे दात ऐंशीव्या वर्षी शाबूत होते, हे उदाहरण पुढे केलं जातं. पण तिच्याच वयाच्या, चाळिशीतच बोळक्या झालेल्या बायकांची आठवण कोणी काढत नाही. आणि आजीच्या ताटात आजच्याइतकी साखरही नव्हती. ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ या भीतीला तर शरीररचनेत कुठेच थारा नाही. दाढेची संवेदना नेणारी नस वेगळी, दृष्टीची वेगळी.

मात्र सगळ्यांत जड किंमत मोजावी लागते ती न दुखणाऱ्या डागांची. महाराष्ट्राने यावर जगाला मोलाचं काम दिलेलं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी राज्यातल्या खेड्यांमध्ये १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली आणि तो अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध केला. मुखकर्करोग आणि त्याआधीचे पांढरे डाग यांचा तंबाखूच्या सवयीशी असलेला संबंध त्यातून मोजून दाखवला गेला. गालाच्या आत खरवडून न निघणारा पांढरा चट्टा, लालसर मखमली चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम ही लक्षणं सुरुवातीला दुखत नाहीत. सुपारीने होणारा आजार याहून सरळ ओळखता येतो. आधी तिखट झोंबायला लागतं, मग गालाची आतली बाजू पांढरट आणि ताठ होते, मग तोंड उघडेनासं होतं. आपलीच तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का, ते आत्ता पाहता येईल. जात नसतील तर तपासून घ्यायला हवं. गालातले ताठ झालेले धागे पूर्ववत होत नाहीत, पण सुपारी आणि गुटखा सोडला तर पुढची घसरण थोपवता येते, आणि व्यायामाने, इंजेक्शनने, गरज पडल्यास शस्त्रक्रियेने तोंड काही प्रमाणात उघडतं. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पानमसाल्याची आणि तंबाखूची अशा दोन पुड्या एकत्र करून तोच पदार्थ हातावर तयार होतो.

‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ या समजुतीने यात भर घातली आहे. बायोप्सी म्हणजे भूल देऊन काढलेला तांदळाएवढा तुकडा. त्यामुळे रोग पसरत नाही. तो न काढता घालवलेल्या महिन्यांत मात्र रोग वाढत राहतो.

आता खरा बिनतोड वाटणारा मुद्दा : पैसा आणि खाडा. माथाडी कामगाराला दवाखान्यात जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची, वर रूट कॅनाल आणि कॅपचा खर्च. हा आक्षेप मी खोडून काढणार नाही, तो खरा आहे. शासकीय योजना कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा भार उचलतात, पण तो टाळण्यासाठी लागणारी साधी तपासणी कामगाराच्या वाटेवर कुणी आणून ठेवलेली नाही. पण या आक्षेपातून ‘म्हणून जाऊ नये’ हा निष्कर्ष निघत नाही. छोटा खड्डा भरण्याचा खर्च रूट कॅनालच्या तुलनेत किरकोळ असतो. कामोठे आणि खारघरला दंत महाविद्यालयं आहेत, तिथे खाजगी दवाखान्यापेक्षा कमी पैशांत काम होतं. टाटा रुग्णालयाची संशोधन संस्था तर खारघरमध्येच आहे.

माझं म्हणणं इतकंच नाही की लोकांनी जावं; तपासणीही त्यांच्यापर्यंत यायला हवी. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन, उजेडात नुसतं पाहून लोकांची तोंडं तपासली. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये मुखकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. त्यासाठी यंत्रं लागली नाहीत. पनवेल महापालिकेच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना हे शिकवता येईल, दंत महाविद्यालयांचे विद्यार्थी सोबत देता येतील. लोखंड बाजारात आणि ट्रक टर्मिनलवर महिन्यातून एक दिवस, मालाची वाट पाहणाऱ्या चालकाच्या आणि क्लीनरच्या मोकळ्या वेळातच, बॅटरी आणि आरसा घेऊन ही तपासणी करता येईल. चट्टा दिसला की नाव लिहून घ्यायचं, चिठ्ठी द्यायची, आणि तो माणूस गेला की नाही याचा पुढच्या महिन्यात पाठपुरावा करायचा. चालक परगावचा असेल तर चिठ्ठीवर त्याच्या जिल्ह्यातल्या रुग्णालयाचं नाव हवं, खारघरचं नव्हे.