गाणं तिचं, नावही तिचंच



आपल्या चळवळीला गाण्यांचा कधी तोटा पडला नाही. शिबिर असो की मोर्चा, डफ वाजला की गाणं सुरू. पण यातली बहुतेक गाणी आधीच्या पिढीने रचलेली. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी गटात आली की तिच्या हाती गाण्यांची पुस्तिका पडते. तिचं स्वतःचं गाणं कोणतं, हे कोण विचारतं?

बाईने गाणं रचणं आपल्याकडे नवं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांसोबत जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासर, माहेर, कष्ट, मार, सगळं त्यांत आहे. मात्र पहिल्यांदा ज्यांनी त्या रचल्या, त्या बायांची नावं मागे उरली नाहीत. उंबऱ्याच्या आतलं गाणं चालतं. ते बाहेर आलं की अडचण होते. डिसेंबर २०१२ मध्ये श्रीनगरच्या ‘प्रगाश’ या तीन शाळकरी मुलींच्या बँडने स्पर्धेत बक्षीस मिळवलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये इंटरनेटवरच्या धमक्या आणि तिथल्या मुख्य मुफ्तींचा विरोध यांमुळे त्यांनी वाजवणं थांबवलं. हे फक्त तिकडेच घडतं असं समजू नका. आपल्या वस्त्यांतही मुलगी मोठी झाली की ‘आता पुरे गाणंबिणं’ हे ऐकू येतंच.

गेली दोन वर्षं मी वस्तीतल्या किशोरी गटात गाणी रचण्याचा वर्ग घेते. मी गायिका नाही, समाजकार्य शिकलेली कार्यकर्ती आहे. आमची पद्धत साधी आहे. आधी गप्पा. त्यात जे वाक्य पुन्हा पुन्हा येतं, ते ध्रुवपद. एकदा ते ‘मला वेळच नाही’ हे निघालं. मग प्रत्येकीने एकेक अंतरा जोडला: पाण्याची रांग, धाकटा भाऊ, शिकवणी, फोन तपासणारा दादा. सरळ विचारलं तर ज्या मुली गप्प बसतात, त्या चालीवर बोलतात.

ध्वनिमुद्रणाला स्टुडिओ लागत नाही. पंखा बंद करायचा, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या लावायच्या, फोन तोंडापासून वीतभर लांब ठेवायचा. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकताना मुली तोंड लपवतात. तिसऱ्या खेपेला त्याच म्हणतात, “ताई, दुसरी ओळ परत घेऊ, श्वास तुटतोय.” हा बदल मला गाण्याइतकाच मोलाचा वाटतो.

मंचावर वायरी जोडण्यापासून सगळं मुलींनीच करायचं. माइकचं तोंड स्पीकरकडे गेलं की शिट्टी वाजते, हे एकदा कळलं की साउंडवाल्या दादाची भीती उरत नाही. आणि कार्यक्रम संध्याकाळी पाचचा ठेवा. उशीर झाला की पहिली गैरहजर राहते ती मुलगी.

दोन गोष्टींची काळजी घ्यायलाच हवी. एक, व्हिडिओ. कुणी काढायचा, कुणाला पाठवायचा, नाव घालायचं की नाही, हे मुली आधी ठरवतील. एकीनेही नको म्हटलं तर तो बाहेर जाणार नाही. दुसरी, हक्क. गाणं लिहून काढलं की कॉपीराइट रचणारीचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. २०१२ च्या कायदा-दुरुस्तीनंतर चित्रपटात वा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गाण्याच्या मानधनातला, म्हणजे रॉयल्टीतला, गीतकार-संगीतकाराचा वाटा करार करूनही हिरावून घेता येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीने केलेला करार तर कायद्याने तिला बांधीलच नसतो. तेव्हा ‘व्हायरल करतो’ म्हणून कागद पुढे करणाऱ्यापासून मुलींना सावध करा.

आपल्या सगळ्या गटांना एक विनंती आहे. येत्या ८ मार्चच्या कार्यक्रमात मुलींच्या स्वतःच्या गाण्यांना पंधरा मिनिटं द्या. स्वागतगीतात त्यांना गुंडाळू नका. त्या काय गातील याची खात्री मी देत नाही. आमच्या मुलींच्या ताज्या गाण्यात सभेच्या सतरंज्या कोण घालतं आणि भाषणं कोण करतं, असा सवाल आहे. तो आपल्यालाच विचारलेला आहे. मुलींना आवाज मिळावा असं आपण म्हणतो ना? मग हेही ऐकावं लागेल.