झोपेचं तिकीट कोणाच्या नावावर?

नारिता विमानतळावर सकाळचे साडेसात वाजतात, तेव्हा शिरूरला पहाटेचे चार वाजलेले असतात. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. घोड नदीकाठच्या माणसाचं अंग त्या वेळी गाढ झोप मागत असतं. समोर मात्र पासपोर्टवर शिक्का मारून घेणाऱ्यांची रांग असते, मग सामान, मग आगगाडी आणि बऱ्याचदा त्याच दुपारी कारखान्यातली पहिली हजेरी. मुंबईहून टोकियोचा प्रवास साधारण आठ तासांचा. रात्री बसून सकाळी उतरायचं, म्हणजे झोपेला मिळते ती एकच रात्र आणि तीही हवेत. जपानी विमानाच्या बिझनेस क्लासमध्ये पैसे मोजले जातात ते या रात्रीसाठी. चिनी मातीच्या वाट्या, पायात घालायच्या सपाता, वाकून केलेलं स्वागत हे सगळं चांगलंच, पण नंतरचं.

ही रात्र कोणाला मिळावी, हा प्रश्न शिरूर आणि दौंड तालुक्यांत आता खराच विचारायला हवा. रांजणगावची औद्योगिक वसाहत, कुरकुंभचे रासायनिक कारखाने आणि नदी ओलांडून नगरच्या दिशेनं गेलं की लागणारं सुपे. केंद्र सरकारनं देशात ज्या जागा जपानी उद्योगांसाठी निश्चित केल्या, त्यांत सुप्याचं नाव आहे. या पट्ट्यातून परदेशी जाणारा माणूस आता फक्त साहेब राहिलेला नाही. नवीन यंत्र येण्याआधी ते शिकून घ्यायला जाणारा मेंटेनन्सचा माणूस, साचे तपासायला जाणारा टूलरूमवाला, क्वालिटीतली मुलगी हेही जातात. भारत आणि जपान यांच्यात 2017 साली तांत्रिक प्रशिक्षणार्थींचा करार झाला, तेव्हापासून आयटीआय झालेल्या पोरांनाही तिकडची वाट खुली झाली.

या माणसाचा प्रवास विमानतळावर सुरू होत नाही. तो कारेगावच्या चौकात सुरू होतो. रात्रीच्या विमानासाठी तीन तास आधी मुंबईत पोहोचायचं, तर रांजणगावातून निदान दुपारपूर्वी निघावं लागतं. शिक्रापूरचा चौक, कोरेगाव भीमा, वाघोलीची कोंडी, पुणं ओलांडायचं, मग द्रुतगती मार्ग, खंडाळ्याचा घाट आणि शेवटी मुंबईतली रेंगाळणारी गर्दी. दौंडचा माणूस पाटस, यवत, उरुळी कांचन, हडपसर असा येतो आणि पुढचा रस्ता तोच. विमानाचं दार बंद होतं तेव्हा सकाळी सहाला उठलेला हा माणूस आधीच आठ-नऊ तास प्रवासात आणि रांगांत असतो. त्यानंतरचे आठ तास तो ताठ पाठीच्या खुर्चीत बसून काढतो, कारण त्याच्या हुद्द्याला इकॉनॉमीच मंजूर असते. त्याच कामासाठी त्याच विमानातून गेलेला वरचा अधिकारी पडद्यापलीकडे आडवा होऊन झोपतो. उतरल्यावर अधिकाऱ्याची पहिली बैठक खुर्चीतली असते. मेंटेनन्सवाल्याला चालू यंत्रासमोर उभं राहायचं असतं.

हे उलटं आहे. तिकिटाचा वर्ग हुद्द्यावरून न ठरता उतरल्यानंतरच्या कामावरून ठरायला हवा.

या पट्ट्याचा आणि बिझनेस क्लासचा संबंध जुना आहे. 1 सप्टेंबर 2007 रोजी ऑल निप्पॉन एअरवेजनं मुंबई आणि टोकियो यांच्यामध्ये एक वेगळंच विमान सुरू केलं. बोईंग 737 जातीचं, म्हणजे एरवी शे-दीडशे माणसं नेणारं, पण लांब पल्ला गाठता यावा म्हणून जादा इंधनटाकी बसवलेलं. आत चाळीसपेक्षाही कमी खुर्च्या आणि सगळ्याच्या सगळ्या बिझनेस क्लासच्या. पुढच्याच वर्षी लुफ्थान्सानं पुण्याहून, आपल्या लोहगावहून, थेट फ्रँकफर्टला असंच विमान सोडलं. ते प्रायव्हेटएअर नावाच्या स्विस कंपनीकडून चालवून घेतलं जाई आणि तेही सुरुवातीला पूर्ण बिझनेस क्लासचंच होतं. लोहगावची धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटरची आणि हवाई दलाच्या मालकीची. भरलेलं मोठं विमान तिथून लांब पल्ल्यासाठी उडणं अवघड, म्हणून छोटं विमान आणि थोडी, पण महाग तिकिटं असा तो हिशेब होता.

त्या हिशेबात कारखान्याचा साहेब होता, फिटर नव्हताच. इथून लांब जाणारा तो साहेबच, असं दोन मोठ्या विमान कंपन्यांनी गृहीत धरलं होतं आणि त्या वेळेपुरतं ते बरोबरही असेल. ती दोन्ही विमानं आता नाहीत. मुंबई-टोकियो मार्गावर पुढे सगळे वर्ग असलेली मोठी विमानं आली, पडद्याच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच कंपनीची माणसं बसू लागली. कंपन्यांचे प्रवासाचे नियम मात्र त्या पूर्ण बिझनेस क्लासच्या काळातलेच राहिले.

त्या खुर्चीत नेमकं काय असतं, हे न बसलेल्याला सांगायला हवं. ती पूर्ण सपाट होते, पलंगासारखी. दोन प्रवाशांची आसनं एकमेकांच्या थोडी पुढेमागे मांडलेली असतात आणि झोपणाऱ्याचे पाय पुढच्या आसनाच्या बाजूच्या टेबलाखालच्या पोकळीत जातात. त्यामुळे कमी जागेत माणूस सरळ आडवा होतो आणि रात्री उठायचं झालं तर शेजाऱ्याला ओलांडावं लागत नाही. जपानी कंपन्यांनी या मांडणीवर फार मेहनत घेतली आहे. ऑल निप्पॉननं 2019 मध्ये लंडन आणि न्यूयॉर्कच्या मार्गांवर दार असलेली, जवळजवळ खोलीच म्हणावी अशी आसनं आणली. कंबर धरलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या अधिकाऱ्याला अशा जागेची गरज नसते, असं कोणी म्हणू नये. त्यालाही झोप लागतेच. त्याच्या झोपेचा विचार नियमात झालेला आहे, दुसऱ्याच्या झोपेचा झालेला नाही, एवढाच मुद्दा.

आणि हा मुद्दा जपानकडूनच शिकता येतो. 1983 साली गुडगावला मारुतीचा कारखाना सुरू झाला तेव्हा सुझुकीच्या माणसांनी आग्रह धरला की अधिकारी आणि कामगार एकाच रंगाचा गणवेश घालतील आणि एकाच कँटीनमध्ये जेवतील. त्या काळच्या भारतीय कारखान्यांत साहेबांचं जेवण वेगळं असे. ती गोष्ट इतकी पटली की आज रांजणगावपासून चाकणपर्यंत कुठल्याही बऱ्या कारखान्यात साहेब आणि ऑपरेटर एकाच रांगेत ताट घेऊन उभे दिसतात. ताटाची समानता आपण घेतली, झोपेची राहून गेली.

जपान एअरलाइन्सच्या इतिहासातली दोन माणसं इथे आठवतात. हारुका निशिमात्सु हे अध्यक्ष असताना त्यांनी स्वतःचा पगार कापून घेतला होता आणि ते बसनं कामावर येत. पुढे जानेवारी 2010 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा काझुओ इनामोरी यांनी बिनपगारी सूत्रं घेतली आणि सप्टेंबर 2012 मध्ये ती पुन्हा शेअर बाजारात उभी केली. एप्रिल 2024 पासून या कंपनीच्या अध्यक्ष आहेत मित्सुको तोत्तोरी. त्या 1985 मध्ये हवाई सेविका म्हणून रुजू झाल्या होत्या. प्रवाशाला रात्री पांघरूण देणारी बाई त्या कंपनीच्या सर्वोच्च खुर्चीवर पोहोचली.

2 जानेवारी 2024 ची संध्याकाळ मात्र सगळ्यांत बोलकी आहे. हानेदा विमानतळावर उतरताना याच कंपनीचं एअरबस ए-350 तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळलं. छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. मोठ्या विमानानं पेट घेतला. आत 367 प्रवासी आणि 12 कर्मचारी. घोषणेची यंत्रणा बंद पडली, आठपैकी तीनच दारं वापरता आली, कर्मचाऱ्यांनी भोंग्यावरून आणि घसा फोडून सूचना दिल्या आणि 18 मिनिटांत सगळेच्या सगळे 379 जण जिवंत बाहेर आले. लोकांनी बॅगा जागेवरच सोडल्या. पुढच्या वर्गाची वेगळी घसरगुंडी नव्हती. ज्या कर्मचाऱ्यांनी हे करून दाखवलं, तेच एरवी कोणाला आडवी खुर्ची उघडून देतात आणि कोणाला सरळ खुर्चीवर उशी.

इकॉनॉमीतसुद्धा सगळीकडे सारखं नसतं. बोईंग 787 मध्ये बहुतेक कंपन्या एका रांगेत नऊ खुर्च्या बसवतात. जपान एअरलाइन्सनं आठच बसवल्या. रांगेमागे एक तिकीट कमी विकून बाकी आठांच्या खांद्यांना जागा दिली. ही कंपनी मुंबईहून उडत नाही, दिल्ली आणि बंगळूरहून उडते. शिरूरकराला हे गैरसोयीचं वाटेल, पण नकाशा काढून पाहावा. लोहगाव पुण्याच्या नगर रस्त्याच्याच अंगाला आहे. शिरूरहून तिथे जायला पुणं ओलांडावं लागत नाही, घाट उतरावा लागत नाही. लोहगाव ते दिल्ली दोन तास आणि तिथून रात्रीचं टोकियो. ऑल निप्पॉनचं विमानही दिल्लीहून आहे. ज्याला मागच्या खुर्चीतच बसायचं आहे, त्याचा दिवस तरी रस्त्यावर जाऊ नये. पुरंदरचा विमानतळ झाला तर दौंडकरांना तो शेजारच्या तालुक्यात मिळेल, पण तिथल्या सात गावांच्या जमिनींचा प्रश्न मोठा आहे आणि त्याची वाट पाहत आजच्या प्रवाशाला ताटकळत ठेवता येत नाही.

जेवणाची गोष्ट वर्गाच्या पलीकडची आहे. तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातून जाते, यवत आणि वरवंडला मुक्कामी असते. या गावांतल्या कितीतरी घरांत माळकरी आहेत आणि त्यांचीच मुलं कुरकुंभला कामाला आहेत. जपानी जेवणातलं मिसो सूप दिसायला निव्वळ सोयाबीनचं, पण त्याचं पाणी बहुधा वाळवलेल्या माशाच्या अर्काचं असतं, त्याला दाशी म्हणतात. वाटीत मासा दिसत नाही म्हणून ते शाकाहारी ठरत नाही. हिंदू शाकाहारी किंवा जैन जेवण दोन्ही वर्गांत मिळतं, पण ते उड्डाणाआधी नोंदवावं लागतं. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्याला हे माहीत नसतं. तिकीट काढणाऱ्या ट्रॅव्हल डेस्कनं एक फोन करून विचारायला काहीच खर्च येत नाही.

खर्चाचा प्रश्न अर्थातच आहे. बिझनेस क्लासचं तिकीट इकॉनॉमीच्या तिप्पट-चौपट सहज जातं आणि दहा जणांची तुकडी प्रशिक्षणाला पाठवायची तर कोणताही हिशेबनीस मान हलवेल. त्याचं म्हणणं खोटं नाही. पण उतरल्यावर लगेच कामाला लावणं हा नियम कोणत्या देवानं घालून दिलेला नाही. आडवी खुर्ची देता येत नसेल तर पोहोचल्यावर एक पूर्ण दिवस आणि एक रात्र विश्रांती द्यावी आणि ती रजा न धरता कामाचा दिवस धरावी. मुंबईपर्यंत गाडी द्यावी. आणि एकाच कामाला एक अधिकारी आणि एक तंत्रज्ञ जाणार असतील, बजेट एकाच आडव्या खुर्चीचं असेल आणि दुसऱ्या सकाळी यंत्रावर तंत्रज्ञाचे हात असणार असतील, तर ती खुर्ची त्याच्या नावावर काढावी. हे लिहून ठेवलं पाहिजे. तोंडी राहिलं की ते ज्याच्या सही-शिक्क्यानं तिकीट निघतं त्याच्याच बाजूनं झुकतं.

परतीचा प्रवास नियमांत बहुतेक नसतोच. येताना पश्चिमेकडून जोराचे वारे समोर येतात, त्यामुळे तेच अंतर कापायला दीड-दोन तास जास्त लागतात. जपानमध्ये सकाळी विमानात बसलेला माणूस मुंबईत उतरतो, सामान घेतो, घाट चढतो आणि मध्यरात्रीच्या आसपास शिरूरला घरी पोहोचतो, तेव्हा त्याच्या अंगाच्या घड्याळात पहाटेचे साडेतीन झालेले असतात. सकाळी पहिल्या पाळीची बस कारेगावच्या चौकात येऊन थांबते आणि हजेरीच्या यादीत त्या दिवसासमोर त्याचं नाव असतं.