शीळफाट्यावरून नागपूर : रेल्वे की कार?

शीळफाट्यावर रात्री दहानंतर उभे राहिले की दोन प्रकारची माणसे दिसतात. एक, बोचकी घेऊन कल्याण स्टेशन गाठण्यासाठी बस-रिक्षाच्या मागे धावणारी. दुसरी, कोणाची तरी मागून आणलेली किंवा भाड्याने घेतलेली कार घेऊन विदर्भाकडे निघालेली. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला. तेव्हापासून आपल्या वस्त्यांत गावी मयत असो, लग्न असो की अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जायचे असो, 'कारच काढू या' असे कोणीतरी म्हणतोच. त्याला हौस म्हणून हसण्यात अर्थ नाही. हिशोब मांडून पाहिला पाहिजे.

शीळफाट्यापासून नागपूरपर्यंतचे अंतर सव्वासातशे किलोमीटरच्या पुढे. लिटरला १६ किलोमीटर धरले तर ४६ लिटरच्या आसपास पेट्रोल. १ एप्रिल २०२५ पासून कारला समृद्धीवर किलोमीटरला २ रुपये ६ पैसे टोल आहे, म्हणजे पूर्ण रस्त्याचे १,४४५ रुपये. एका बाजूचा खर्च सहा हजारांवर जातो. पाच माणसे दाटीवाटीने बसली तरी माणशी बाराशे रुपये, आणि कार भाड्याची असेल तर भाडे वेगळे. कल्याणहून नागपूरला स्लीपरचे तिकीट याच्या निम्म्याहून कमी पैशात होते, जनरलचे तर साधारण चौथ्या हिश्श्यात. मग कष्टकरी माणूस महागडा मार्ग का धरतो?

कारण तिकीट मिळत नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. मयताचा निरोप साठ दिवस आधी येत नाही. जुलै २०२५ पासून तत्काळ तिकिटाला आधार पडताळणी आली. दलालांना आळा घालण्यासाठी ती ठीकच आहे, पण ज्या नाक्यावरच्या मजुराला ऑनलाइन खातेच उघडता येत नाही, त्याने काय करावे? अनेक गाड्यांचे स्लीपर डबे काढून त्या जागी वातानुकूलित डबे लावले गेले. उरला जनरलचा डबा, ज्यात बाई-लेकरांना घेऊन शिरणे म्हणजे युद्ध. तेव्हा 'रेल्वे की कार' हा प्रश्न आपल्या माणसाने निवडलेला नाही. तो त्याच्यावर लादला गेला आहे.

आता वकील म्हणून एक गोष्ट सांगतो, जी कार काढताना कोणी विचारात घेत नाही. अपघात झाला तर मागे राहिलेल्यांना कायदा काय देतो?

रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १२४-अ प्रमाणे प्रवासी गाडीतून पडून मेला तर चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूची भरपाई आठ लाख रुपये आहे. रीना देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की मृताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, आणि चढता-उतरताना झालेला निष्काळजीपणा म्हणजे स्वतःहून करून घेतलेली इजा नव्हे. दावा एका वर्षाच्या आत रेल्वे दावा न्यायाधिकरणात करावा लागतो. रक्कम तुटपुंजी आहे, पण आधार पक्का आहे.

रस्त्यावर तसे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मृताच्या उत्पन्नाप्रमाणे मोठी भरपाई मिळू शकते हे खरे, पण तिथे कोणाचा तरी निष्काळजीपणा दाखवावा लागतो. पहाटे तीन वाजता सरळसोट रस्त्यावर चालकाचाच डोळा लागला आणि तोच गेला तर? स्वतःच्या चुकीने मेलेल्या चालकाचे वारस विमा कंपनीकडे अशी भरपाई मागू शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये पुन्हा सांगितले. मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा काढलेला असेल तर त्याचे पंधरा लाख, नाहीतर काही नाही. कार मागून आणलेली असेल तर गुंता आणखी वाढतो. आणि पैसे वाचवण्यासाठी फक्त 'थर्ड पार्टी' विमा काढलेला असेल, तर खासगी कारमध्ये बसलेल्या मावशी, काका, पोरे यांची जोखीम त्या पॉलिसीत धरलेलीच नसते. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाला हे अपघातानंतर आठ महिन्यांनी कळले. पॉलिसीचा कागद तोपर्यंत कोणी वाचलाच नव्हता.

समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ रोजी खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले. त्याच महिन्याच्या शेवटी शहापूर तालुक्यात पुलाचे काम चालू असताना गर्डर कोसळून २० जण मेले. ज्यांनी रस्ता बांधला त्यांच्यासाठी तो आहे का? दुचाकी आणि तीनचाकीला तर तिथे प्रवेशच नाही.

रेल्वेही निर्दोष नाही. शीळफाट्यापासून हाकेच्या अंतरावर, दिवा-मुंब्रा दरम्यान, ९ जून २०२५ रोजी दोन भरगच्च लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकणारे प्रवासी खाली पडले आणि चौघे दगावले. त्यानंतर तीन महिन्यांनी, २० सप्टेंबरला, याच शीळफाट्याला बुलेट ट्रेनच्या घणसोलीकडच्या ४.८८ किलोमीटर बोगद्याचे खोदकाम आरपार झाले. तिथून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत २१ किलोमीटरचा बोगदा होणार, त्यातले ७ किलोमीटर खाडीखालून. खाडीखालून बोगदा काढता येतो, पण विदर्भ-मराठवाड्याच्या गाड्यांना चार जनरल आणि चार स्लीपर डबे वाढवता येत नाहीत, हे पटत नाही. ६ डिसेंबरसाठी नागपूरहून अनारक्षित विशेष गाड्या दरवर्षी सुटतात. म्हणजे डबेही आहेत आणि मार्गही मोकळा करता येतो.

माझे मत रेल्वेच्या बाजूने आहे. डब्यांच्या मागणीचे निवेदन मध्य रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकांकडे आणि आपल्या खासदारांकडे वस्तीवस्तीतून सह्यांनिशी गेले पाहिजे. तोवर कार काढावीच लागली तर निघण्याच्या आदल्या दिवशी पॉलिसी काढून आतल्या प्रवाशांचा विमा आहे का ते वाचा, दोन चालक ठेवा, आणि रात्री बारा ते पाच कार उभी करून झोपा. रेल्वेने निघालात तर तिकिटाचा फोटो काढून घरी पाठवा.