सारवणे आणि फासणे

वर्ध्यात राहणाऱ्याला पाहुण्यांना घेऊन सेवाग्रामला जाण्याचा योग वरचेवर येतो. गेल्या खेपेला नात सोबत होती. बापूकुटीच्या भिंतीवर मीराबेननी मातीत उठवलेली ताडाची झाडे पाहून झाली. सारवलेल्या जमिनीवरून हात फिरवत तिने विचारले, ''आजोबा, 'स्मिअर' म्हणजे सारवणेच ना? मग 'स्मिअर कॅम्पेन' म्हणजे बदनामी कशी?''

प्रश्न रास्त होता. हे इंग्रजी क्रियापद हजार वर्षांहून जुने. मुळात त्याचा अर्थ तेल-चरबी चोळणे, अभ्यंग करणे. त्याच्याच कुळातला एक डॅनिश शब्द आहे, त्याचा अर्थ चक्क लोणी! पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतो, तसलाच हा मायेचा शब्द. त्याला पुढे लौकिक डागाळण्याचा अर्थ चिकटला आणि विसाव्या शतकात तो राजकारणात रुळला.

मराठीने मात्र कामे वाटून दिली आहेत. जमीन सारवायची, भिंत लिंपायची, साहेबाला लोणी लावायचे आणि विरोधकाला काळे फासायचे!

या शेवटच्या कामात कुणीच मागे नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये बेळगावचे महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बंगळूरमध्ये काळे फासले गेले. महाराष्ट्र संतापला, ते योग्यच होते. पण १२ ऑक्टोबर २०१५ रोजी मुंबईत शिवसैनिकांनी सुधींद्र कुलकर्णी यांना शाई फासली. निमित्त होते पाकिस्तानचे माजी परराष्ट्रमंत्री कसुरी यांच्या पुस्तकाचे प्रकाशन. कुलकर्णी त्याच चेहऱ्याने पत्रकारांसमोर बसले आणि प्रकाशनही झाले. १० डिसेंबर २०२२ रोजी पिंपरी-चिंचवडमध्ये मंत्री चंद्रकांत पाटील यांच्यावर फुले-आंबेडकरांविषयीच्या विधानावरून शाई फेकली गेली. कारणे वेगळी होती, एखाद्या वेळी रागही खरा असेल. पण फासणाऱ्याचे म्हणणे काय होते, हे आज किती जणांना आठवते? लक्षात राहतो तो काळा चेहरा. वाद तिथेच संपतो, उत्तर कुणालाच द्यावे लागत नाही.

दुसऱ्यांना नावे ठेवताना मला माझे हात आठवतात. बँकेत असताना वसुलीच्या मोसमात थकबाकीदारांची यादी चावडीवर लावण्याचा हुकूम आला. यादीखाली सही माझी होती. त्यातला एक कास्तकार पुढे बाजारात मला पाहून रस्ता बदलू लागला. कर्ज त्याने फेडले, पण यादी पावसाने धुऊन जाईपर्यंत भिंतीवर तशीच राहिली. माझ्या हाताला शाई लागली नव्हती, एवढेच.

संस्कृतात माखण्याचा एक धातू आहे, 'अञ्ज्'. उघड करणे हाही त्याचाच अर्थ. त्यातून 'अंजन' आले, 'अभ्यंग' आला आणि आश्चर्य म्हणजे 'व्यक्ती' व 'अभिव्यक्ती' हे शब्दही आले. म्हणजे आपण ज्या अभिव्यक्तीवर शाई ओततो, तिचा जन्मही माखण्यातूनच झालेला!

नातीला मी एवढेच सांगितले, ''बाळ, काजळ काळे आणि शाईही काळीच. डोळ्यात घातले तर दिसू लागते, तोंडाला फासले तर बोलणेच थांबते.'' मतभेद जरूर असावेत. समोरच्याच्या डोळ्यात अंजन घालायलाही हरकत नाही. मात्र त्यासाठी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागतो.