किल्ल्यात पाणी कुठे आहे?

सहामाही परीक्षा संपली की महाराष्ट्रात अंगणांत, वाड्यांत, सोसायट्यांच्या कोपऱ्यांत मातीचे ढीग पडू लागतात. दगड-विटा रचून, चिखलात बुडवलेलं गोणपाट पांघरून पोरं किल्ला उभा करतात, उतारावर अळीव पेरतात, मावळे मांडतात. इतिहास शिकवण्याची इतकी चांगली रीत आपल्या घरात असताना मोठी माणसं तिच्याकडे निव्वळ सुट्टीतला खेळ म्हणून पाहतात, याचं आम्हांला वाईट वाटतं.

इतिहास लोकांपर्यंत नेण्यासाठी नव्या वाटा नेहमीच शोधल्या गेल्या. १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांचं चरित्र पोवाड्यात मांडलं. १९६७ मध्ये सुरू झालेल्या अनंत पै यांच्या ‘अमर चित्र कथा’ने ते देशभरच्या मुलांच्या हाती दिलं. आज महानाट्यं आहेत, चित्रपट आहेत. त्यांनी ऊर भरून येतो, पण तिथे मूल प्रेक्षकच राहतं. किल्ला करताना मात्र ते अडतं, आणि अडलं की विचारतं.

मुलं बहुधा दरवाजा अगदी समोर, सगळ्यांना दिसेल असा करतात. त्यांना रायगडाचा महादरवाजा सांगावा. दोन बुरुजांच्या मधे दडलेला, जवळ जाईपर्यंत न दिसणारा. का? तिथे पोचलेल्या शत्रूवर दोन्हीकडून मारा होतो आणि दाराला धडक द्यायला हत्तीला धाव घेता येत नाही. हे कळलं की मूल आपणहून दरवाजा हलवतं. मग पाणी. रामचंद्रपंत अमात्यांचं राज्यकारभारावरचं ‘आज्ञापत्र’ बजावतं, की किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावं, आणि झरा असला तरी त्याच्यावर विसंबू नये, टाकीही बांधावीत. कारण लढाईत तोफांच्या दणक्यांनी झरे आटतात. हे ऐकलेला मुलगा वेढा म्हणजे काय ते जन्मात विसरणार नाही.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतले ११ महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला, जिंजी. यंदा कुणीतरी जिंजी करावी. तीन डोंगर आणि त्यांना जोडणारी तटबंदी. करता करता प्रश्न येईलच: राजाराम महाराज एवढ्या लांब का गेले? उत्तरात १६८९ चं साल येईल, संभाजी महाराजांची हत्या येईल, रायगडाचा पाडाव येईल, मोगलांचा जिंजीला सुमारे आठ वर्षं पडलेला वेढा येईल. मराठ्यांचा इतिहास साऱ्या भारताचा कसा आहे, हे याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

म्हणून बाजारातला प्लॅस्टरचा तयार किल्ला आणू नका. त्यात मुलाला अडायला जागाच नसते. किल्ले स्पर्धांच्या परीक्षकांनाही विनंती आहे: दिव्यांच्या माळा आणि मावळ्यांची गर्दी पाहून गुण देऊ नका. पाणी कुठे साठवलंय, धान्याचं कोठार कुठे, पडझड झाली तर निसटायची वाट कोणती, हे मुलांना विचारा आणि उत्तरांना गुण द्या. पालकांनी ‘आज्ञापत्रा’तलं दुर्गांचं प्रकरण मुलांबरोबर वाचावं. भाषा जुनी आहे, पण प्रकरण छोटं आहे. एका संध्याकाळी वाचून होतं.